प्रोस्टेटची सूज: प्रत्येक वेळी जंतूच दोषी नसतो

लघवीला जळजळ सुरू झाली की आपल्याकडे पहिले निदान घरातच होते: ‘उन्हाळी लागली.’ मग धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक असे उपाय होतात. तेवढ्याने भागले नाही तर औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या येतात. दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या कपाटात जातात आणि महिन्याभराने त्रास पुन्हा डोके वर काढतो. पुरुषांच्या बाबतीत या फेऱ्यामागे प्रोस्टेट ग्रंथीची सूज असू शकते. तिचे कारण न शोधता गोळ्या बदलत राहणे, ही सवय रुग्णांनी आणि आम्ही डॉक्टरांनीही आता सोडायला हवी.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. प्रोस्टेट म्हटले की लोकांना म्हातारपण आठवते, कारण वयानुसार ही ग्रंथी वाढते. पण ग्रंथीची वाढ वेगळी, कर्करोग वेगळा आणि सूज, म्हणजे प्रोस्टेटायटिस, वेगळी. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना मूत्रविकारतज्ज्ञाकडे आणणाऱ्या तक्रारींत ही सूज सर्वात पुढे असते. ओटीपोटात, जांघेत, अंडकोषांच्या मागच्या भागात दुखणे, बसल्यावर ठणकणे, लघवीला वारंवार जावे लागणे, वीर्यस्खलनाच्या वेळी वेदना होणे ही तिची लक्षणे. ती घरात सांगायची कशी, या संकोचात अनेकांची वर्षे जातात.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने 1995 मध्ये या आजाराचे चार प्रकार केले आणि आजही तेच वापरले जातात. पहिला तीव्र जंतुसंसर्ग, दुसरा जुनाट जंतुसंसर्ग, तिसरा जंतू न सापडणारे ओटीपोटाचे जुनाट दुखणे आणि चौथा कोणतीही तक्रार नसताना तपासणीत योगायोगाने आढळणारी सूज. तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक रुग्ण तिसऱ्या प्रकारातले असतात. म्हणजे बहुतेकांच्या दुखण्यात मारायला जंतूच नसतो. तरीही बहुतेकांच्या हाती चिठ्ठी पडते ती जंतू मारणाऱ्या औषधाचीच.

जिथे जंतू खरोखर असतात, तिथे मुख्य आरोपी आपल्याच आतड्यातला ई. कोलाय. तो मूत्रमार्गातून वर चढतो आणि संसर्ग झालेली लघवी प्रोस्टेटच्या सूक्ष्म नलिकांत उलटी शिरली की तिथे ठाण मांडतो. हे कोणाच्या बाबतीत घडते? ज्यांना नुकताच मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आहे, ज्यांची लघवी अडते आणि मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, ज्यांना लघवीची नळी लावली आहे किंवा गुदद्वारामार्गे प्रोस्टेटचा तुकडा तपासणीसाठी काढला आहे. मधुमेह नियंत्रणात नसणे आणि एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती घटणे हेही धोके आहेत. तरुणांमध्ये असुरक्षित संबंधांतून येणारे गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे संसर्ग विसरून चालत नाही. तिथे जोडीदारावरही उपचार करावे लागतात. आपल्या देशात क्वचित क्षयरोगही प्रोस्टेटपर्यंत पोहोचतो. कल्चर तपासणीत जंतू वाढत नाहीत, पण लघवीत पू-पेशी सतत दिसतात, अशा वेळी त्याचा विचार करायलाच हवा.

तिसऱ्या प्रकाराचे नेमके एकच कारण सांगता येत नाही. जुन्या संसर्गानंतर किंवा मार लागल्यानंतर मज्जातंतू अतिसंवेदनशील होणे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आखडलेले राहणे, दीर्घकाळचा ताण, चिंता यांची त्यात सरमिसळ असते. याचा अर्थ ‘सगळे मनाचे खेळ’ असा नाही. दुखणे खरे असते. त्यावर स्नायू सैल करण्याचे व्यायाम आणि फिजिओथेरपी, लघवीचा मार्ग मोकळा करणाऱ्या गोळ्या, वेदनाशामके, गरम पाण्याचा शेक आणि गरज पडल्यास मानसोपचार यांचा रुग्णागणिक मेळ घालावा लागतो. दारू, चहा-कॉफी किंवा तिखटाने काहींचा त्रास वाढतो. ज्याचा वाढतो त्याने ते टाळावे, पण आजार त्यामुळे झाला असे समजू नये.

अपराधीपणाबद्दलही सांगायला हवे. ‘धातू जातो’ किंवा ‘तरुणपणीच्या सवयींची ही फळे’ अशी भीती घेऊन मुले जाहिरातबाज वैद्यांकडे जातात आणि पैसे घालवतात. हस्तमैथुनाने प्रोस्टेटला संसर्ग होत नाही. शरमेपोटी लपवलेले दुखणे मात्र जुनाट होते.

आता मुद्दा चिठ्ठीचा. ताप नसलेल्या रुग्णाला अँटिबायोटिक लिहिण्याआधी लघवीची कल्चर तपासणी झालीच पाहिजे. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पण तेवढ्याने बहुधा काही बिघडत नाही. पहिल्या खेपेला एखादा कोर्स देऊन पाहणे समजू शकते. जंतूचा पुरावा नसताना तिसरा, चौथा कोर्स देणे समर्थनीय नाही. प्रोस्टेटमध्ये चांगली पोहोचणारी औषधे मोजकी आहेत आणि त्यांतल्या फ्लुओरोक्विनोलोन गटाला आपल्याकडचे ई. कोलाय मोठ्या प्रमाणावर दाद देईनासे झाले आहेत. याच गटातली काही औषधे क्षयरोगावरही चालतात, त्यामुळे ती एकटीच आणि अर्धवट घेतली तर क्षयाचे निदान लांबते. उलट जुनाट जंतुसंसर्ग सिद्ध झाला असेल तर साधारण चार ते सहा आठवडे औषध घ्यावे लागते. पाच दिवसांत थांबणे म्हणजे पुन्हा आजाराला आमंत्रण. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नमुना घेण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणे सोपे असते, हे मी रोज पाहतो. पण त्या सोपेपणाची किंमत पुढे रुग्णच मोजतो.

दुसरा मुद्दा रुग्णालयांचा. लघवीची नळी कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवायची वस्तू नाही. ‘आज हिची गरज आहे का?’ हा प्रश्न रोजच्या राउंडला विचारला गेलाच पाहिजे आणि नातेवाइकांनीही तो बिनदिक्कत विचारावा.

तिसरा मुद्दा पीएसए या रक्तचाचणीचा. सूज असताना तिचा आकडा वाढतो आणि घर कर्करोगाच्या धास्तीने हादरते. सूज उतरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी, मगच निष्कर्ष काढावा.

थंडी वाजून ताप, लघवी अडकणे आणि ओटीपोटात तीव्र वेदना असे एकत्र आले तर मात्र थांबू नये. हा तीव्र जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो रक्तात पसरू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे नमुना घेऊन अहवालाची वाट न पाहता औषध सुरू केले जाते. बाकीच्यांनी डॉक्टरांना गोळीचे नाव विचारण्याआधी एवढेच विचारावे: माझ्या लघवीत जंतू सापडले का, आणि कोणते?