अमेरिकेत सरपंच

"इंटरन्याशनल शिकून पोट्टी काय अमेरिकेत सरपंच होईन काय?" वरुडच्या आमच्या मामांनी भर पंगतीत विचारलं आणि सगळे हसले. त्यांची नात अमरावतीला बी.ए. झाली, आता आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचं म्हणते. मामांच्या डोक्यात बी.एड. होतं. नात काही बोलली नाही, भाकरी मोडत राहिली. तिच्या वतीनं मी बोलतो.

मामांची निम्मी बाजू मला मान्य आहे. ही पदवी हाती आली की नोकरी दारात उभी, असं कोणी सांगत असेल तर तो लबाड. परराष्ट्र सेवेत जायलासुद्धा तिची गरज नाही. यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. अकोल्या-अमरावतीच्या क्लासवाल्यांच्या लेखी तर हा विषय म्हणजे सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरातलं एक प्रकरण, नोट्स पाठ केल्या की संपलं. पण इतिहासाच्या किंवा मराठीच्या एम.ए.लाही कोणी नेमणूकपत्र जोडून देत नाही. मग हाच विषय तेवढा चैनीचा कसा?

"आपला न् त्याचा संबंध काय?" हा दुसरा आक्षेप मात्र मला अजिबात मान्य नाही. तोही वरुडात बसून! मामांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचा माल उतरला की क्रेट भरून ट्रक निघतात आणि त्यातला मोठा हिस्सा वर्षानुवर्षं बांगलादेशात जायचा. तिथला आयात कर 2019 मध्ये किलोला 20 टक्यांच्या आसपास होता, 2023 मध्ये तो 88 टका झाला. (टका म्हणजे तिथलं चलन, शेकड्याचा हिशेब नव्हे.) ट्रक थांबले, माल देशातच तुंबला, भाव पडला. मामांनी त्या साली व्यापाऱ्याला शिव्या दिल्या. व्यापाऱ्यानं फोनवरचा दर दाखवला आणि हात वर केले.

कर का वाढला? बाजारात उत्तर तयार होतं: आपण कांदा अडवला, म्हणून त्यांनी संत्रा अडवला. असेलही. कांद्याची निर्यातबंदी आपण 2019 मध्ये केली, 2020 मध्ये केली, 2023 च्या डिसेंबरात पुन्हा केली. पण 2022 पासून बांगलादेशची डॉलरची गंगाजळी आटत होती, आणि अशा वेळी कोणतंही सरकार आधी फळांसारख्या बिनगरजेच्या वाटणाऱ्या आयातीवर घाव घालतं. यातलं रागाचं किती आणि नडीचं किती, हे वेगळं काढता आलं पाहिजे. राग असेल तर बोलणी करून तो निवळेल. तिजोरीच रिकामी असेल तर दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागेल. राज्य सरकारनं करापोटी अनुदान जाहीर केलं, ते मलमपट्टी म्हणून ठीक. दुखणं ओळखायला शिकलेलं माणूस लागतं.

कापसाचं तर विचारूच नका. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचे दिवस आले. 1865 ला तिकडे युद्ध थांबलं, इकडे भाव कोसळला. खुद्द वऱ्हाड इंग्रजांकडे आलं तेही निजामाशी झालेल्या 1853 च्या तहानं. 1902 मध्ये कर्झननं वर्षाला 25 लाखांवर ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं. आणि परवा, 2025 च्या ऑगस्टात, अमेरिकेच्या 50 टक्के शुल्कानं कापड-निर्यातदार घायकुतीला आले, तेव्हा दिल्लीनं कापसावरचा 11 टक्के आयात कर आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर माफ केला. म्हणजे नेमका अकोटचा कापूस घरात येण्याचा हंगाम. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर होता खरा. तो खासगी खरेदीदारानं द्यावा, असं बंधन कुठे होतं?

राहिले "शिकायचंच तर दिल्लीला जा" म्हणणारे. जावं की. 1955 पासून तिथे या विषयाची संस्था आहे, पुढे ती जेएनयूत गेली. पण दिल्लीतल्या वर्गात अण्वस्त्रं येतात, हिंदी महासागर येतो. संत्र्याचा क्रेट कोणी टेबलावर ठेवत नाही. पंजाबराव देशमुख पापळहून एडिंबरा आणि ऑक्सफर्डला गेले, वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहिला, परत येऊन अमरावतीत शिक्षणसंस्था उभी केली. कृषिमंत्री असताना 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, त्याला आयझेनहॉवर आले. जग पाहिलेल्या माणसाला शेतकरी दिसेनासा होतो, हा समज त्यांच्यापुढे टिकत नाही. वाशीम-बुलढाण्याच्या ज्या पोरांना दिल्लीचं भाडं परवडत नाही, त्यांच्यासाठी हा विषय इथे, मराठीतून, सीमाशुल्काच्या अधिसूचना आणि जागतिक व्यापार संघटनेचे निवाडे वाचायला लावून शिकवला पाहिजे. कापसाच्या अनुदानावरून ब्राझीलनं अमेरिकेला त्या संघटनेत खेचून हरवलं, हे आपल्या जिनिंगवाल्यालाही ठाऊक नसतं.

हे सगळं मी मामांना सांगितलं. सुपारी कातरत त्यांनी ऐकून घेतलं. मग नातीकडे वळले, "मंग त्या बांगलादेशाचा कर कोन ठरवते, हे तुह्या कोनत्या पेपरात येते?"

नातीनं मोबाइलवर अभ्यासक्रम उघडला. चारही सत्रं खालपर्यंत पाहिली, परत वर आली.

"नाही आबा," ती म्हणाली, "हे कुठंच नाही."