पंखा वाढवण्याआधी वॉट कमी करा

जून संपत आला की कोक्विटलाममधल्या बऱ्याच मराठी घरांत एक ठरलेला प्रसंग घडतो. शाळेला सुट्टी लागते, मुलगा दार लावून गेम खेळायला बसतो आणि थोड्या वेळानं दाराआडून विमान उडायच्या तयारीत असल्यासारखा आवाज येऊ लागतो. आई म्हणते, "अरे, केवढा तापलाय तो लॅपटॉप, बंद कर आधी!" मुलगा म्हणतो, "अगं, गेमिंग लॅपटॉप तापतातच." बाबा त्याच रात्री एक कूलिंग पॅड मागवून टाकतात.

या तिघांपैकी मुलाचं म्हणणं शास्त्राच्या सगळ्यात जवळचं आहे आणि बाबांचा उपाय सगळ्यात लांबचा. आईची काळजी रास्त आहे, फक्त ती चुकीच्या वस्तूची आहे. लॅपटॉप स्वतःला सांभाळून घेतो. काळजी करायला हवी ती त्या खोलीची आणि त्या खोलीत झोपणाऱ्या माणसांची. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: लॅपटॉपचं तापणं हा "थंड कसा करू" असा प्रश्न नाही, तो "किती वॉट खर्च करू" असा प्रश्न आहे.

आधी हिशेब पाहू. गेमिंग लॅपटॉप जोरात चालू असताना सहज 200 वॉट वीज घेतो. ही वीज जाते कुठे? गेममधल्या गाडीला धावायला ती खर्च होत नाही. चिपमधल्या अब्जावधी ट्रान्झिस्टरांची उघडझाप, पडद्याचा उजेड, पंख्याची गरगर, सगळं शेवटी उष्णतेतच संपतं. 200 वॉट आत गेले म्हणजे 200 वॉट उष्णता बाहेर आली, यात सूट नाही. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता देतो. म्हणजे मुलगा खोलीत एकटा नसतो, त्याच्याबरोबर आणखी दोन अदृश्य पाहुणे बसलेले असतात.

ही उष्णता निघते अगदी लहानशा जागेतून. इस्त्रीशी तुलना करून बघा. हजार वॉटची इस्त्री आपली उष्णता सुमारे 200 चौरस सेंटिमीटरच्या तळातून देते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 5 वॉट. लॅपटॉपचा प्रोसेसर नखाएवढा, साधारण 2 चौरस सेंटिमीटरचा. तो 60 वॉट घेत असेल तर दर चौरस सेंटिमीटरला 30 वॉट झाले, इस्त्रीच्या सहापट! तरीही तो जळत नाही याचं श्रेय हीट पाइपला. ही तांब्याची चपटी, बंद नळी असते. तिच्यात कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं आणि आतून सच्छिद्र अस्तर. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती पंख्याकडच्या थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून झिरपत परत येते. बाष्पीभवन होताना पाणी उष्णता शोषून घेतं, या तत्त्वावरच आपला माठ चालतो. फरक एवढाच की माठाची वाफ हवेत निघून जाते आणि हीट पाइपची वाफ आतल्या आत फेऱ्या मारते.

पण हीट पाइप उष्णता नाहीशी करत नाही, फक्त हलवते. चिपकडून पातळ पत्र्यांच्या जाळीकडे, तिथून पंख्याच्या वाऱ्यावर आणि अखेर खोलीत. म्हणून चिपचं तापमान ढोबळपणे असं मांडता येतं: खोलीचं तापमान, अधिक वॉटच्या प्रमाणात होणारी वाढ. खोली 25 अंशांवर असताना चिप 85 ला जात असेल तर वाढ 60 अंशांची. तोच लॅपटॉप घेऊन मे महिन्यात नागपूरला गेलात आणि खोली 40 अंशांवर असली, तर चिप 100 ला टेकते. त्या सुमाराला चिप स्वतःचा वेग कमी करते आणि गेम अडखळायला लागतो. मग आपण म्हणतो, "इंडियात नेला आणि बिघडला." तो बिघडलेला नसतो, बेरीज बदललेली असते.

आता याच बेरजेत कूलिंग पॅड बसवून बघा. पॅडचे पंखे खोलीचीच हवा खालून ढकलतात. लॅपटॉपच्या तळाला पुरेशी हवा मिळत नसेल तर काही अंशांचा फरक पडतो, पण तेवढा फरक मागच्या पायांखाली पेन्सिली ठेवून लॅपटॉप सेंटिमीटरभर उचलला तरी बऱ्याचदा पडतो. जाळीत धूळ अडकली असेल किंवा चिपवरचा लेप वाळला असेल, तर पॅड म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वॉट कमी केले तर? वरच्या उदाहरणात वॉट एक चतुर्थांशानं घटवले की वाढ 60 ऐवजी 45 अंशांची होते आणि चिप 85 वरून 70 वर येते, तीही एक पैसा खर्च न करता. शिवाय वॉट घटले म्हणून मजा तितक्याच प्रमाणात घटत नाही. चिपची वीज वारंवारतेच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही 10 टक्क्यांनी उतरवले तर 0.9 चा घन, म्हणजे सुमारे 0.73 उरतात. वेग गेला दहावा हिस्सा आणि वीज वाचली पाव भागाहून जास्त. कारखान्यातून येणाऱ्या सेटिंगमध्ये शेवटच्या थोड्याशा वेगासाठी भरमसाट वीज ओतलेली असते, कारण जाहिरातीतल्या आलेखात त्या थोड्याशाच वेगाला भाव असतो.

करायचं काय, ते सोपं आहे. पहिलं, गेममध्ये दर सेकंदाच्या चित्रांना मर्यादा घाला. पडदा सेकंदाला 60 चित्रंच दाखवू शकत असेल, तर 140 चित्रं काढणं म्हणजे चार माणसांसाठी दहा जणांचा कुकर लावणं. दुसरं, परफॉर्मन्स मोड सोडून बॅलन्स्ड मोड निवडा. तिसरं, गादी, रजई आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला कार्पेट यांवर लॅपटॉप ठेवू नका, कारण तळाच्या जाळ्या तिथेच बुजतात.

एवढं करूनही तापमान गेल्या वर्षीपेक्षा जास्त दिसत असेल तर आतली सफाई. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, वॉरंटीच्या अटी वाचा आणि तळाचा पत्रा उघडा. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये बहुधा लोकरीच्या पट्टीसारखा धुळीचा थर सापडेल. डब्यातली दाबाची हवा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. तीन-चार वर्षं जुन्या यंत्रात थर्मल पेस्ट बदलणंही उपयोगी पडतं. चिप आणि तांबं वरून गुळगुळीत दिसले तरी प्रत्यक्षात थोड्याच ठिकाणी टेकतात, मधे हवा राहते आणि हवा तांब्याच्या हजारो पट वाईट उष्णतावाहक आहे. पेस्ट त्या फटी भरते. मात्र काही लॅपटॉपांत पेस्टऐवजी गॅलियमचा द्रव धातू असतो. त्यातून वीज वाहते आणि तो ॲल्युमिनियम खातो, तिथे घरगुती प्रयोग नकोत. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग थांबवा, तिला टोचू-दाबू नका, कचऱ्यातही टाकू नका, संकलन केंद्रावर द्या.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. 2021 च्या जूनअखेरीस आपल्या ब्रिटिश कोलंबियावर उष्णतेचा घुमट बसला होता. 29 जूनला लिटनमध्ये 49.6 अंश नोंदले गेले, कॅनडाचा आजवरचा उच्चांक. 25 जून ते 1 जुलै या आठवड्यात उष्णतेनं प्रांतात 619 माणसं गेली. प्रांताच्या कॉरोनर विभागाच्या अहवालानुसार त्यातले 98 टक्के लोक घरात किंवा इमारतीच्या आत असताना तापले होते आणि दोन तृतीयांश सत्तरीचे किंवा त्यापुढचे होते. उन्हात फिरून नव्हे, तर रात्रीसुद्धा थंड न होणाऱ्या खोल्यांत ही माणसं गेली. इथली जुनी घरं उष्णता बाहेर टाकायला बांधलेलीच नाहीत, ती उष्णता धरून ठेवायला बांधलेली आहेत. मार्च 2024 पासून प्रांताच्या बांधकाम नियमांत नव्या घरातली निदान एक खोली 26 अंशांच्या वर जाऊ नये अशी रचना सक्तीची झाली. आपल्यातले बरेच जण मात्र त्याआधीच्या अपार्टमेंटांत राहतात.

अशा घरात उन्हाळ्यात कोण आलेलं असतं? आजी-आजोबा. त्यांना इथली थंडी सोसत नाही म्हणून आपण त्यांना नेमकं जून-जुलैतच बोलावतो. ते नातवाच्या खोलीत झोपतात आणि नातू अकरापर्यंत तिथेच 200 वॉट ओतत असतो. तीन बाय साडेतीन मीटरच्या खोलीत साधारण 30 किलो हवा मावते. 200 वॉट उष्णता फक्त त्या हवेलाच मिळाली, तर तासाभरात तापमान वीस अंशांहून जास्त चढेल. तसं होत नाही, कारण भिंती, गादी आणि कपाट उष्णता पितात. पण प्यायलेली उष्णता ते रात्रभर परतही देतात. वर "आम्ही नागपूरचे, आम्हाला काय होतंय" म्हणत आजोबा पंख्यासमोर बसतात. खोलीची हवाच शरीराच्या तापमानाच्या जवळ गेली की पंख्याचा उपयोग घटत जातो, मग तो छताचा असो, लॅपटॉपमधला असो की कूलिंग पॅडचा. नियम एकच.

म्हणून उष्णतेचा इशारा आलेल्या दिवशी घरात गेमिंगचे वॉट हा एसीच्या जोडीचा विषय व्हायला हवा. मुलाला "खेळू नको" म्हणायची गरज नाही. "आज 60 चित्रांवर खेळ, दुसऱ्या खोलीत खेळ, झोपायच्या तीन तास आधी थांब" एवढं पुरतं. कारण सांगितलं की मुलं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. आकडे दाखवले तर जास्तच.

याला उलटी बाजूही आहे आणि ती लपवणं योग्य नाही. डिसेंबरात बेसबोर्ड हीटर लावलेल्या घरात लॅपटॉपचे 200 वॉट वाया जात नाहीत. हीटर तेवढाच कमी चालतो आणि गेम जवळजवळ फुकटात होतो. घरात हीट पंप असेल तर मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो, कारण तो एका वॉटमध्ये दोन-तीन वॉट उष्णता आत आणतो.

शेवटचा शब्द विक्रेत्यांसाठी आणि आपल्या खरेदीसाठी. एकाच नावाच्या चिपला वेगवेगळ्या लॅपटॉपांत वेगवेगळे वॉट मिळतात. एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या आरटीएक्स 3080 साठी ही मुभा 80 ते 150 वॉटांपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही वर होती. नाव तेच, काम मात्र निराळं. पातळ, हलका आणि सर्वांत वेगवान या तीन विशेषणांपैकी तिन्ही एकत्र मिळत नाहीत, कारण उष्णतेला बाहेर पडायला जागा लागते. तेव्हा दुकानात रंगीत दिवे बघण्याआधी दोन प्रश्न विचारा: सलग तासभर हा किती वॉट टिकवतो, आणि याचा तळ साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडतो का? कॅनडात नोव्हेंबर 2024 मध्ये दुरुस्तीसाठी डिजिटल कुलपं उघडायला कायद्यानं मुभा मिळाली, पण सुटे भाग पुरवण्याची सक्ती त्या कायद्यात नाही. ती उणीव तूर्त आपल्या प्रश्नांनीच भरायची आहे.

आणि तो कूलिंग पॅड अजून आला नसेल, तर ऑर्डर रद्द करा. त्या पैशांत एक साधा थर्मामीटर आणा आणि आजी-आजोबांच्या पलंगाशेजारी लावा.