हवापालट आणि उचल

निवृत्तीचे दिवस जवळ आले की सुशिक्षित मध्यमवर्गीय घरात एक चर्चा हमखास सुरू होते. उरलेले आयुष्य कोणत्या गावी काढावयाचे? मुंबईच्या गर्दीला विटलेले कुटुंब अलिबाग-मुरुडचे नाव घेते, पुण्याचे कुटुंब दापोली किंवा गुहागर सुचविते. नंदुरबार-शहाद्याकडचा पेन्शनर खानदेशी उन्हाळ्याने हैराण झालेला असतो. त्याला कोकण दूर पडते. त्याचा जवळचा समुद्र सुरत-नवसारी-वलसाडचा. म्हणून तो तिथलच्या किनाऱ्याची चौकशी करतो. मग पारा कोठे किती चढतो, दमटपणा सांधेदुखीला सोसेल काय, पावसाळ्यात रस्ते बंद पडतात काय, अशी बारकाईने छाननी होते. समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्यामुळे किनाऱ्यावर उन्हाळा बेताचा आणि हिवाळा सौम्य असतो, हे शाळेतले भूगोलाचे ज्ञान साठाव्या वर्षी कामी येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. तेव्हापासून छाननीत वादळाचाही एक रकाना वाढला आहे.

यात गैर काही नाही. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाने चांगल्या हवेची इच्छा धरणे हा काही गुन्हा नव्हे. राज्यकर्त्यांनी तर ही चैन नेहमीच केली आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास मुक्काम हलवीत असे. (स्वतंत्र महाराष्ट्राचे विधिमंडळ नागपुरास जाते ते नागपूर करारामुळे, हे खरे, परंतु ते जाते डिसेंबरात, मे महिन्यात नव्हे.) आक्षेप आहे तो या अनुभवावरून काढल्या जाणाऱ्या सिद्धान्तावर. स्वतःची हवापालट ज्याने चार ठिकाणे पाहून ठरविली, तो सहज असे धरून चालतो की घर सोडून जाणारा प्रत्येक जण असाच काही हिशेब करून निघालेला असतो. सरकारी अहवालांना तर हा समज फारच सोयीचा आहे. ‘हंगामी स्थलांतर’ असा एक निर्विकार शब्द त्यांनी घडविला आहे. पक्षी ऋतुमानाप्रमाणे देशांतर करतात, आदिवासीही करतात. ती त्यांची रीतच आहे, तिकडे मजुरी जास्त मिळते म्हणून ते खुशीने जातात, अशी ही विचारसरणी.

या विचारसरणीची परीक्षा घ्यावयाची तर ती नंदुरबार जिल्ह्यातच घ्यावी. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा एकोणसत्तर. दिवाळी झाली की अक्राणी, अक्कलकुवा, तळोदे, नवापूर या तालुक्यांतील पाड्यांवरून माणसे निघू लागतात. घरात राहतात ती म्हातारी माणसे. कोंबड्या विकल्या जातात, शेळ्या कोणाकडे तरी सांभाळावयास दिल्या जातात, धान्याची गोणी, भांडी, ताडपत्री आणि लहान मुले ट्रकमध्ये चढविली जातात. हे ट्रक जातात बारडोली, सायण, चलथाण, गणदेवी या बाजूंना. म्हणजे पेन्शनर ज्या मुलखाची हवा तोलून पाहतो, त्याच मुलखात हीही कुटुंबे जातात. समुद्र गणदेवीपासून फार लांब नाही. परंतु ऊस तोडणाऱ्याच्या मुलाने समुद्र पाहिलेला असतोच असे नाही. त्याने पाहिलेला असतो तो फड.

हवेसाठीच जावयाचे असते तर या लोकांनी घर सोडण्याचे कारण नव्हते. तोरणमाळ याच जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यात आहे. हजार मीटरहून अधिक उंचीवरचे हे थंड हवेचे ठिकाण पाहावयास बाहेरचे लोक पैसे खर्चून येतात. सातपुड्यातली हवा सर्वांत सुखाची असते ती कार्तिकापासून माघापर्यंत, आणि नेमक्या त्याच महिन्यांत सातपुड्याचे रहिवासी खाली उतरून किनारपट्टीच्या दमट मैदानात ताडपत्रीखाली राहतात. परततात ती वैशाखात, डोंगर तापलेला असताना. पर्यटक वर चढत असतो तेव्हा गावकरी खाली उतरत असतो. इतका उलटा हवापालट कोणता पक्षी करीत असेल?

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘प्रकट पसंती’ नावाचे एक तत्त्व शिकविले जाते. पॉल सॅम्युएलसन यांनी ते १९३८ साली मांडले. माणसाला काय आवडते हे त्याच्या बोलण्यावरून ठरवू नये, त्याने प्रत्यक्षात काय निवडले यावरून ओळखावे, असा त्याचा साधा आशय. परंतु ही निवड खिशातल्या पैशांच्या मर्यादेत केलेली असते, ही अट त्याच सिद्धान्तात आरंभीच घातलेली आहे. अहवाल लिहिणारे तेवढी अट गाळतात. ज्याचा खिसा रिकामा आहे, त्याने ट्रकमध्ये पाय ठेवला याचा अर्थ त्याला ट्रक आवडला असा काढावयाचा असेल, तर मग वेठबिगारीलाही पसंतीच म्हणावे लागेल.

हवेचा संबंध मात्र आहे. तो कळण्यासाठी दिवाळीच्या ट्रकाकडे न पाहता त्याआधीच्या श्रावणाकडे पाहिले पाहिजे. डोंगरउताराची कोरडवाहू जमीन, त्यावर ज्वारी, बाजरी, मका. गेल्या वर्षाचे धान्य आषाढात सरते आणि नवे हाती यावयास आश्विन उजाडतो. मधले दोन-अडीच महिने भर पावसाचे आणि पोटाला चिमटा घेणारे. रस्ता वाहून गेलेला, मूल तापाने फणफणलेले, दुकानदार उधार देईनासा झालेला. याच दिवसांत मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देतो. कोणाला दहा हजार, कोणाला वीस हजार. करार कागदावर होतोच असे नाही; तो होतो चुलीपाशी. दिवाळीनंतरचे सहा महिन्यांचे श्रम श्रावणातच विकले जातात, आणि विकणाऱ्याला भाव विचारण्याची ताकद जेव्हा सर्वांत कमी असते त्या घटकेला विकले जातात. उचलीची फेड अनेकदा दीडीने होते. शंभर घ्यावेत आणि दीडशे वळते करावेत. पाऊस ओढ देवो की धो-धो कोसळो, दोन्ही परी उचलीचा आकडा वाढतो. पेन्शनर हवा निवडतो. इथे हवा माणूस निवडते आणि मुकादमाच्या हवाली करते.

पुढची कथा चळवळीतल्या लोकांना ठाऊक आहे, तरी ती पुन्हा सांगितली पाहिजे. फडात माणसांची मोजदाद माणशी होत नाही, ‘कोयत्या’वर होते. एक कोयता म्हणजे नवरा, बायको आणि बहुधा हाताखाली एखादे पोर. नवरा तोडतो, बायको पाला साळते, मोळी बांधते आणि डोक्यावरून वाहते. पैसे टनावर मिळतात आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर लिहिला जातो. गाडी रात्री आली तर रात्री भरावयाची. अवकाळी पावसाने फडात चिखल झाला की तोड बंद, मजुरी बंद, खावटी मात्र खर्चात पडत राहते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या कारखान्यांचा अभ्यास करून १९७८ साली लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच म्हटले होते की, येथे उसाबरोबर मजूरही गाळला जातो. त्यांचे आणखी एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. दक्षिण गुजरातेत मजुरांची वाण नव्हती. हळपती समाजाचे भूमिहीन लोक फडाच्या बांधावरच राहत होते आणि त्यांना काम हवे होते. त्यांना डावलून कारखान्यांनी खानदेशातून माणसे आणली, कारण घरापासून तुटलेला, उचलीने बांधलेला, भाषेने परका मजूर बोलावाल तेव्हा हजर राहतो आणि उलट बोलत नाही. म्हणजे एका गावचा बेकार दुसऱ्या गावी न्यावयाचा आणि दुसऱ्या गावचा तिसरीकडे पाठवावयाचा. असे केले की मजुरी सर्वत्र स्वस्त राहते! हे सर्व ज्या तालुक्यात चालते तो १९२८च्या सत्याग्रहाचा बारडोली तालुका आहे, आणि जे कारखाने चालवितात ते सहकारी आहेत. ऊस पिकविणारा तेथे सभासद आहे. ऊस तोडणारा कोणाच्याही पोटनियमांत सापडत नाही.

यावर कायदा नव्हता असेही नाही. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला. कंत्राटदाराला परवाना, प्रवासभत्ता, राहावयास नीट जागा आणि शिवाय ‘विस्थापन भत्ता’, म्हणजे महिन्याच्या वेतनाच्या निम्मी किंवा ७५ रुपये, यांपैकी जी जास्त असेल ती रक्कम, परतफेडीची अट न ठेवता. घर सोडावे लागणे हीच एक किंमत आहे आणि ती मालकाने मोजली पाहिजे, हे तत्त्व त्या एका तरतुदीने मान्य केले होते. किती मुकादमांनी परवाने काढले आणि किती कोयत्यांच्या हाती हा भत्ता पडला, याचा शोध पाड्यावर जाऊन घेता येईल. फार वेळ लागणार नाही. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो जुना कायदा विलीन झाला, आणि विस्थापन भत्ता त्यातून निघून गेला. प्रवासभत्ता तेवढा उरला. संसदेने घराची किंमत वजा केली आणि गाडीभाडे ठेवले.

राज्याने या लोकांना कागदावर काही कमी दिलेले नाही. देशातले पहिले आधार पत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी वाटले गेले ते याच जिल्ह्यात, शहादे तालुक्यातल्या टेंभली गावी, पंतप्रधानांच्या उपस्थितीत. २०१८ साली नीती आयोगाने नंदुरबारला ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत घातले. माणसाला कोठेही ओळखू शकेल असा क्रमांक मिळाला. परंतु अंगणवाडीचा आहार, शाळा आणि दवाखान्यातली नोंद नवापूरच्या पुढे सरकत नाही. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तेथे फलाट राज्याची सीमा ओलांडतो, आहाराचा डबा ओलांडत नाही. कुपोषणाच्या प्रत्येक पाहणीत नंदुरबारचे नाव वरच्या ओळीत येते, तेव्हा मातांना प्रबोधनाची गरज असल्याचे सांगितले जाते. फडात मोळ्या वाहणाऱ्या आईला कोणते प्रबोधन करणार?

एकदाच या डोंगरातल्या लोकांना नवी जागा पसंत करण्याचा अधिकार औपचारिकरीत्या देण्यात आला. सरदार सरोवरात नंदुरबारची ३३ गावे बाधित ठरली. नर्मदा लवादाच्या १९७९च्या निवाड्याने जमिनीच्या मोबदल्यात जमीन मान्य केली. मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातेत परवेटा येथे गेली, इतर काही तळोद्याकडच्या वसाहतींत आली. वसाहतीच्या शेतात पावसाळ्यात पाणी साचते, गुरांना चारा नाही, सरपण नाही, अशा तक्रारी जेव्हा त्यांनी केल्या, तेव्हा ‘हे लोक फार चोखंदळ आहेत’ असे म्हणणारे महाभाग निघालेच. तिथलच्या हवेचा दमटपणा टक्क्यांत मोजणाऱ्याला चोखंदळ म्हणत नाहीत, दूरदर्शी म्हणतात.

आता चळवळीच्या पदराखालचे थोडे. १९७२च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, हे त्यात लिहिले होते. त्याच काळात शहाद्यात अंबरसिंग महाराजांनी आणि श्रमिक संघटनेने सालदारांना उभे केले, जमिनी सोडविल्या, हमीच्या कामांसाठी मोर्चे काढले. पुढे हा प्रश्न राज्याच्या हद्दीशी येऊन अडला. मजूर गुजरातेत गेला की तो गुजरातच्या संघटनांचा, आणि परत आला की पावसाळा. दोहोंमध्ये तो कोणाचाच नाही. शिवाय हमीची कामे निघतात पौष-माघात, मातीकामाच्या सोयीने. तोपर्यंत पाडा रिकामा झालेला असतो. मग अधिकारी लिहून पाठवितात की तालुक्यात कामाला मागणी नाही. वाक्य खरे आहे, एवढीच त्यातली लबाडी.

त्यातच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५च्या केंद्रीय रोजगार हमीच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवसांचा आकडा १०० चा १२५ झाला, याचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. शेतीला मजूर मिळावेत हे तिचे कारण. बागाईत मुलखात ते कारण पटेलही. अक्राणीत हे साठ दिवस जर पावसाळ्यात टाकले गेले, तर ते मुकादमाच्या फेरीच्याच दिवसांवर येऊन पडतील. सातपुड्यातल्या तालुक्यांना या बंदीतून वगळले जावे, ही मागणी म्हणून पहिली. पावसात माती खणता येत नाही असे उत्तर येईल. रोपे लावता येतात, रोपवाटिका चालविता येतात, वनपट्ट्यांचे बांध दुरुस्त करता येतात. दुसरी मागणी पावसाळ्यातल्या बिनव्याजी धान्य-उचलीची. ‘खावटी’ हा शब्द आदिवासी विकास खात्याला नवा नाही. ती मिळावयास हवी आषाढात, आणि कुटुंबातल्या बाईच्या नावे.

मुकादम नागपंचमीच्या सुमारास पाड्यावर येतो. कामाच्या मागणीचे अर्ज त्याच्या आधी, आषाढी एकादशीपर्यंत, ग्रामपंचायतीत पडले पाहिजेत आणि प्रत्येक अर्जावर तारखेची पोच घेतली पाहिजे. पंधरा दिवस तेथून मोजता येतात.