पदकांची यादी कशी वाचावी?

सन २०२३ च्या मार्च महिन्यांत दिल्ली येथें महिलांची जागतिक मुष्टियुद्ध अजिंक्यपद स्पर्धा झाली. तींत भारताच्या चार महिलांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. ता. २५ रोजीं नीतू घंघास (४८ किलो) व स्वीटी बूरा (८१ किलो) आणि ता. २६ रोजीं निखत झरीन (५० किलो) व लवलीना बरगोहाईं (७५ किलो) विजयी झाल्या. या यशाबद्दल आमच्या विद्यार्थ्यांस अभिमान वाटावा हें योग्यच आहे. परंतु पदकांची यादी ही वरचीं चार नांवें पाहून मिटून ठेवावयाची वस्तु नव्हे. ती कांहीं वर्षें मागें जाऊन वाचली पाहिजे, असें आमचें नम्र मत आहे.

लवलीना यांचेंच उदाहरण घेऊं. आसामांतील गोलाघाट जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत त्या वाढल्या. २०१८ सालीं दिल्लीच्याच खाशाबा जाधव क्रीडागृहांत त्यांस जागतिक स्पर्धेचें कांस्यपदक मिळालें. २०१९ सालीं रशियांतील उलान-उदे येथें पुन्हां कांस्य, आणि २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्येंही कांस्यच. हौशी मुष्टियुद्धाच्या परंपरेप्रमाणें उपांत्य फेरींत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक देतात. तिसऱ्या क्रमांकासाठीं निराळी लढत होत नाहीं. म्हणजे तें पदक घेणारा प्रत्येक खेळाडू आपली शेवटची लढत हरूनच व्यासपीठावर चढलेला असतो. लवलीना अशा तीन वेळां चढल्या. २०२२ सालीं इस्तंबूल येथें तर त्यांस पदकाविनाच परतावें लागलें. त्यानंतर दिल्लीचें सुवर्ण आलें.

ज्यांचें नांव त्या क्रीडागृहास दिलें आहे, त्या आपल्या कऱ्हाडकडील खाशाबांची कथा तरी निराळी कोठें आहे? १९४८ सालीं लंडन येथें ते सहावे आले. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकी येथें त्यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें; स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

इतर विजयी महिलांकडे पाहावें. स्वीटी यांस २०१४ सालीं रौप्यपदक मिळालें होतें. सुवर्णासाठीं त्यांस नऊ वर्षें थांबावें लागलें, आणि तेंही चीनच्या वांग लीनावर अवघ्या ४ विरुद्ध ३ मतांनीं मिळालें. कझाकस्तानच्या ज्या अलुआ बाल्किबेकोवानें नीतू यांस २०२२ सालीं हरविलें, तिलाच त्यांनीं पुढच्या वर्षीं उपांत्य फेरींत जिंकलें. त्यांच्या वडिलांनीं मुलीच्या सरावासाठीं नोकरींतून बिनपगारी रजा घेतली होती. सहा वेळां जगज्जेत्या झालेल्या मेरी कोम यांचेंही २००१ सालचें पहिलें जागतिक पदक रौप्यच होतें.

आतां आपल्या घरांकडे वळूं. वार्षिक परीक्षेचें प्रगतिपत्रक हातीं पडतांच "पहिला नंबर कोणाचा?" हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. मुलाचा नंबर खालीं असेल तर त्याच दिवशीं त्याच्या बुद्धीविषयीं कायमचा निकाल दिला जातो. तो ऐकून किती मुलें पुढें हात आंखडून बसतात, याचा पालकांनीं विचार करावा.

यावर कोणी म्हणेल कीं, हें आळशांस निमित्त पुरविणें झालें. तसें नाहीं. नुसतें हरल्यानें कोणासही कांहीं मिळत नाहीं. दोन स्पर्धांच्या मधल्या काळांत जो आपली चूक शोधून रोज मेहनत करतो, त्याच्याच पराभवाला किंमत असते. आणि विजयही कायमचा नसतो. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें निखत व लवलीना या दोघींसही पदक मिळालें नाहीं. त्यामुळें त्यांचें आधींचें कर्तृत्व उणें होत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, एका पत्रकावरून पाल्याचें भविष्य ठरवूं नये. मागचें पत्रक शेजारीं ठेवून पाहावें आणि सरावाच्या दिवसांत त्याच्याजवळ बसावें. विद्यार्थ्यांस इतकेंच सांगतों कीं, यंदा जो विषय जड गेला, तोच जून महिन्यांत प्रथम उघडा.