निकाल हाती, पदवी मात्र समारंभाच्या प्रतीक्षेत

विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ हा शैक्षणिक आयुष्यातील सर्वोच्च सोहळा मानला जातो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील मोठ्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य पदवीधरांनी तो कधी पाहिलेलाच नसतो. व्यासपीठावर मान मिळतो तो मुख्यतः पदकविजेत्यांना आणि पीएच.डी. मिळवणाऱ्यांना. उरलेल्यांना पदवी बहाल होते ती त्यांच्या अनुपस्थितीत आणि प्रमाणपत्र मिळते ते महाविद्यालयाच्या खिडकीवर, नोंदवहीत सही केल्यानंतर. सोहळा हुकल्याची खंत एक वेळ बाजूला ठेवता येईल. मात्र प्रमाणपत्राची वाट त्या सोहळ्याच्या तारखेला बांधलेली असते, आणि खरा प्रश्न तेथेच आहे.

चौघांपासून लाखांपर्यंत

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. १८६२ साली त्याच्या पहिल्या तुकडीतून बी.ए. झालेले स्नातक अवघे चार होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. प्रत्येक स्नातकाने पुढे यावे आणि कुलपतींच्या साक्षीने पदवी स्वीकारावी, ही पद्धत त्या संख्येला साजेशी होती. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून फोर्ट परिसरात उभे राहिलेले दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले. आज एका वर्षाच्या पदवीधरांची संख्या लाखाच्या घरात आहे. सभागृह तेच आहे आणि विधीही जवळपास तोच. बदलले आहे ते विद्यार्थ्याचे स्थान. विद्याशाखांचे अधिष्ठाते स्नातकांना समूहाने सादर करतात, पदवी प्रदान झाल्याची घोषणा होते आणि हजारो विद्यार्थी एका वाक्यात पदवीधर ठरतात.

या वाक्यापर्यंत पोहोचण्यासाठी बरेच सोपस्कार पार पाडावे लागतात. निकालानंतर गुणपत्रिका आणि तात्पुरते प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर विद्यार्थ्यांची पात्रता तपासली जाते, नावांची पडताळणी होते, प्रमुख पाहुण्यांची वेळ आणि समारंभाची तारीख ठरते, प्रमाणपत्रे छापली जातात आणि शेवटी महाविद्यालयांकडे रवाना होतात. एका टप्प्यावर विलंब झाला की पुढचे सारे टप्पे लांबतात.

नियम १८० दिवसांचा

विद्यार्थी पदवीस पात्र ठरणे अपेक्षित असलेल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी प्रदान करावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाची २००८ची नियमावली सांगते. महाराष्ट्राच्या २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत लागला पाहिजे. दोन्ही मुदती पाळल्या गेल्या तर तक्रारीला जागा उरत नाही. मात्र निकालच रखडला की काय होते, हे २०१७ साली मुंबईने अनुभवले. उत्तरपत्रिकांच्या संगणकाधारित मूल्यांकनाचा पुरेशा तयारीविना केलेला प्रयोग फसला, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि ऑक्टोबरमध्ये तत्कालीन कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. परदेशातील प्रवेश हातचे गेल्याच्या तक्रारी विद्यार्थ्यांनी तेव्हा केल्या.

परदेशी जाणाऱ्यांची अडचण एरवीही असतेच. तेथील सत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि आपले दीक्षान्त समारंभ बहुधा त्यानंतर काही महिन्यांनी होतात. प्रवेशापुरते तात्पुरते प्रमाणपत्र चालते. नोकरीच्या व्हिसासाठी मात्र अनेक देश मूळ पदवी प्रमाणपत्र आणि त्यावर सरकारी साक्षांकन मागतात. ते प्रमाणपत्रच हाती नसेल, तर उमेदवाराचा अर्ज जागच्या जागी थांबतो.

घाईत छापलेली प्रमाणपत्रे हा दुसरा धोका. जानेवारी २०२५च्या समारंभानंतर मुंबई विद्यापीठाने वाटलेल्या प्रमाणपत्रांवरील बोधचिन्हात विद्यापीठाचेच नाव इंग्रजीत चुकीचे छापले गेल्याचे उघड झाले. ती दुरुस्त करून देण्याचे विद्यापीठाने जाहीर केले. मात्र त्यासाठीची धावपळ अखेर विद्यार्थ्यांच्याच माथी आली.

पगडीची चर्चा, प्रमाणपत्राची नाही

समारंभाविषयी सार्वजनिक वाद झाले, तेही बहुतांशी पोशाखाचे. २०१० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळ येथील समारंभात झगा उतरवून त्याला वसाहतवादी अवशेष म्हटले. २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणेरी पगडी की फुले पगडी, यावर विद्यार्थी आमनेसामने आले. प्रतीकांचे महत्त्व नाकारता येणार नाही. परंतु प्रमाणपत्र किती दिवसांत मिळाले, यावर तेवढ्या हिरिरीने कोणी बोलल्याचे दिसत नाही.

विलंबावर उपाय उपलब्ध आहे. राष्ट्रीय शैक्षणिक कोषागाराचे उद्घाटन जुलै २०१७ मध्ये झाले. डिजिलॉकरमधील पदव्या व गुणपत्रिका वैध मानाव्यात, असे आयोगाने २०२२ मध्ये शिक्षणसंस्थांना कळवले. विद्यापीठाने नोंदी वेळेवर भरल्या, तर पदवीधराला कोणाच्याही खिडकीवर ताटकळत राहावे लागणार नाही. अर्थात नोंदच भरली गेली नाही, तर डिजिटल कोषागारही रिकामाच राहणार.

म्हणूनच पदवी देणे आणि समारंभ करणे या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची गरज आहे. निकाल जाहीर होऊन पात्रता निश्चित झाली की डिजिटल पदवी ठरलेल्या दिवशी मिळावी. पाहुण्यांची तारीख तिच्या आड येऊ नये. समारंभ त्यानंतर सवडीने, शक्यतो महाविद्यालयाच्या पातळीवर व्हावा. घराण्यातील पहिला पदवीधर असलेल्या मुलीच्या आईवडिलांना तेथे खुर्ची मिळेल. फोर्टच्या सभागृहात ती मिळण्याची शक्यता जवळपास नाही.