उसनवारी म्हणजे दास्य नव्हे

जपान व कोरिया यांची प्राचीन संस्कृति म्हणजे चीनची निव्वळ नक्कल, असें आमचे कांहीं विद्वान् छातीठोकपणें सांगतात. लिपि व राज्यपद्धति चीनची, बौद्ध धर्मही त्याच वाटेनें आलेला, ७१० सालीं वसलेल्या नारा राजधानीचा आराखडाही चांगआनचाच. हें कोण नाकारतो? परंतु त्याच चिनी अक्षरांतून जपाननें काना लिपि घडविली आणि अकराव्या शतकाच्या आरंभीं मुरासाकी शिकिबूनें तींत गेन्जीची कथा लिहिली. चिनी अक्षरें टाकून निराळी लिपि करणें हा रानटीपणा होय, अशी हाकाटी कोरियाच्या दरबारी पंडितांनीं १४४४ सालीं केली. तिला न जुमानतां सेजोंग राजानें १४४६ सालीं प्रजेसाठीं स्वतंत्र लिपि जाहीर केली. नकलाकार ते पंडित, राष्ट्र नव्हे! उसनें घेण्यांत लाज नाहीं. घेतलेलें पचवितां न येणें, हीच खरी लाज.