बी आणि सी मधलं अंतर

मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर एकच जर्नल किती खोल्या फिरून येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. रीडिंग घेणारा एक, बाकी सगळे लेखनिक! ग्राफवरचा एखादा बिंदू रेषेबाहेर गेलाच, तर खोडरबर आहेच. मीही तीन वर्षं हेच केलं. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. गेल्या उन्हाळ्यात इनप्लांट ट्रेनिंगला गेलो आणि वाटायला लागलं.

ट्रेनिंग एका टेस्टिंग लॅबमध्ये होतं. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या लॅबचा नाही, माझा आहे. मला सर्ज टेस्टच्या टेबलावर बसवलं होतं. जवळपास वीज पडली किंवा लाइनवर मोठी कपॅसिटर बँक जोडली-तोडली, की तारांमधून क्षणभर व्होल्टेजची लाट येते. तीच लाट लॅबमध्ये मुद्दाम तयार करून चालू उपकरणावर सोडायची आणि ते टिकतं का ते बघायचं. आयईसी ६१०००-४-५ या स्टँडर्डमध्ये या लाटेचा आकार ठरवून दिलाय. व्होल्टेज १.२ मायक्रोसेकंदात चढतं, ५० मायक्रोसेकंदात निम्म्यावर येतं. जनरेटरचा आतला रोध २ ओहम धरतात. म्हणजे ४ किलोव्होल्टला शॉर्ट सर्किटमध्ये २,००० अँपिअर! असतात काही मायक्रोसेकंदच, पण तेवढ्यात खेळ आटोपतो.

टेस्ट झाल्यावर निकाल चार अक्षरांत लिहायचा. काहीच झालं नाही तर ए. थोडा वेळ बिघडलं पण आपलं आपण सावरलं तर बी. कुणीतरी हात लावल्यावर सावरलं तर सी. कायमचं गेलं तर डी. सर्जसाठी सहसा निदान बी तरी लागतो. सी म्हणजे नापास.

त्या दिवशी टेबलावर शेतीपंपाचा ऑटो स्विच होता, मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारा. पाच पॉझिटिव्ह पल्स व्यवस्थित गेले. निगेटिव्हच्या तिसऱ्या पल्सला डिस्प्ले हँग झाला. आम्ही मिनिटभर बघत बसलो. मग सिनियरनी मेन स्विच बंद करून परत चालू केला आणि डिस्प्ले आला. कंपनीचा माणूस बाहेर गाडी लावून रिपोर्टची वाट बघत होता.

"लिही बी. आलं ना परत?"

मी लिहिलं. हातसुद्धा थरथरला नाही. तीन वर्षांचा सराव होता ना!

रात्री घरी फोन केला आणि बोलता बोलता आप्पांना विचारलं, आपल्या विहिरीवरचा डबा कसा चाललाय? आप्पा म्हणाले, "चालतोय की. वळवाचा पाऊस झाला की तेवढा रुसतो. मग जाऊन बंद-चालू करावा लागतो."

आमच्याकडे कित्येक वर्षं शेतीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असायची. घरापासून विहीर एक किलोमीटर. वाटेत ओढा, चिखल, अंधार आणि पायाखाली काय येईल त्याचा नेम नाही. हातात बॅटरी घेऊन तिथे जायचं आणि एक स्विच खाली-वर करून परत यायचं. ते जाणं वाचावं म्हणून तर तो डबा घेतला होता! मी कागदावर जो सी चा बी केला, त्यातलं अंतर बरोबर एक किलोमीटर आहे, रात्रीच्या दोन वाजताचं.

दुसऱ्या दिवशी मी सिनियरना बोललो. रिपोर्ट गेला होता. त्यापुढे मी काही केलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

कुणी म्हणेल, लॅबवाल्यांना वेळ नसतो. खरं आहे. पाच पॉझिटिव्ह, पाच निगेटिव्ह, तेही मेन्सच्या ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर, म्हणजे ४० पल्स. दोन पल्समध्ये एक मिनिट. सिंगल फेजला फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तीन जोड्या घेतल्या तर एकाच पातळीला १२० पल्स, दोन तास! थ्री फेजला विचारूच नका. मग घाई होते. पण तो एक मिनिट चहा प्यायला दिलेला नाही. आतल्या एमओव्हीनं लाट अंगावर घेतलेली असते, त्याला निवायला वेळ लागतो. घाई केली तर चांगलं उपकरणही नापास होऊ शकतं.

दुसरी पळवाट म्हणजे थेट सर्वात वरच्या पातळीची टेस्ट. "४ किलोव्होल्ट सोसलं, मग १ ला काय होणार?" ऐकायला पटतं, पण चूक आहे. आत गॅस डिस्चार्ज ट्यूब असेल तर मोठ्या लाटेला ती पेटते आणि लाट अर्थला नेते. छोट्या लाटेला ती पेटतच नाही आणि ती लाट सरळ आतल्या सर्किटवर जाते. म्हणून खालच्या पातळ्याही घ्यायच्या असतात. हे सगळं स्टँडर्डमध्ये आहे. पण डिस्प्ले हँग झाल्यावर हात पेनाकडे जाईल की खोडरबराकडे, हे कुठलंच स्टँडर्ड ठरवू शकत नाही. ते ठरतं आपल्या जर्नलमध्ये.

माझं स्पष्ट मत असं, की खोट्या रिपोर्टची सुरुवात आपल्या लॅबमध्ये होते. चुकलेल्या रीडिंगला मार्क कापले जातात आणि उतरवलेल्या रीडिंगला पूर्ण मिळतात. मग मुलं काय शिकणार? सरांना एक नम्र विनंती आहे. प्रत्येक प्रॅक्टिकलमागे जर्नलला एक पान वाढवा : "काय बिघडलं?" त्या पानाला मार्क द्या. ज्याचा बिंदू रेषेबाहेर गेला, त्याला व्हायवात "का गेला?" एवढंच विचारा. आणि मित्रांनो, आपणही निदान एका प्रॅक्टिकलचं रीडिंग जसं आलं तसं लिहून बघूया. व्हायवात थोडी फजिती होईल, होऊ दे!

पुढच्या वर्षी आपल्यापैकी कुणीतरी अशाच एखाद्या टेबलावर बसलेला असेल. समोरचा डिस्प्ले हँग होईल, बाहेर कुणाची तरी गाडी उभी असेल. तेव्हा कृपया सी लिहा. विहिरीवर कुणाचे तरी आप्पा असतात.